तुम्हाला इथे का यायचं आहे?

फॉर्म भरायला मला आवडतं. हे ऐकून माझी मुलगी कपाळाला हात लावते, पण खरं आहे ते. पनवेलच्या एका वधू-वर सूचक मंडळात मी वीसेक वर्षं दर रविवारी सकाळी टेबलाशी बसून लोकांची परिचयपत्रं लिहून दिली. आईवडील यायचे, मुलाबद्दल किंवा मुलीबद्दल भडाभडा बोलायचे, आणि त्यातून चार ओळी काढायचं काम माझं. त्या चार ओळींत खोटं अक्षर नसायचं, याचा मला अभिमान होता. फक्त काय लिहायचं आणि काय गाळायचं, ते मला बरोबर कळायचं. जाड भिंगाचा चष्मा असेल तर ‘वाचनाची आवड’. तापट असेल तर ‘स्पष्टवक्ता’. तीन नोकऱ्या सोडलेला असेल तर ‘विविध क्षेत्रांचा अनुभव’. बाकीचं समोरासमोर भेटल्यावर कळेलच, असं मी म्हणायचे.

माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांचं झालं तेव्हाही मी हीच विद्या वापरली. काचबिंदू होता. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं, आणि शेवटी फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं ते आम्ही दोघांनी ऐकलं, रिक्षात बसलो आणि पनवेलजवळ सुकापूरला घरी आलो. लिफ्टमध्ये ते म्हणाले, ‘‘कुणाला सांगू नकोस.’’ मी म्हटलं, ‘‘नाही सांगत.’’ एवढंच ठरलं.

ते मूळचे उरणजवळच्या मोऱ्याचे. घर कोळ्यांचं, वडील तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य. हे मात्र शिकून बंदराच्या ऑफिसात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. आयुष्यभर लोकांनी त्यांच्याकडे ‘जरा बघा हो’ म्हणून कागद आणले होते. अशा माणसाला ‘मला दिसत नाही’ म्हणणं किती जड जात असेल, ते मला समजत होतं. मग आम्ही तरबेज झालो. लिफ्टपासून गेटपर्यंतची पावलं ठरलेली. समोरून कुणी आलं की मी लांबूनच मोठ्याने म्हणायचे, ‘‘काय काका, आज लवकर?’’ की हे बरोबर त्या दिशेला मान हलवायचे. चष्मा रोज पुसून घालायचे. पेपर हातात धरून गॅलरीत बसायचे आणि मी आतून भाजी चिरता चिरता त्यांना आधी वाचून ठेवलेले मथळे ऐकवायचे. सोसायटीत कुणाला पत्ता लागला नाही. मला कधीकधी या कौशल्याची मजासुद्धा वाटायची. आता सांगायला लाज वाटते.

मुलगी पुण्याला असते. तिने त्यांच्या फोनवर वाचून दाखवणारी सोय चालू करून दिली होती. बोट फिरवलं की फोन तिथली अक्षरं वाचतो, मराठीतसुद्धा. बंदरातल्या जुन्या सहकाऱ्यांचा एक ग्रुप होता, त्यात ते रमायचे. अडचण एकच. तिथे लोक लिहीत कमी आणि चित्रं जास्त पाठवत. सुप्रभातची फुलं, नातवंडांचे फोटो, कुठल्यातरी सुविचाराची पाटी. फोन नुसता म्हणायचा, ‘चित्र’. पुन्हा ‘चित्र’. मी जवळ असले तर काय आहे ते सांगायचे. नसले तर हे सरसकट सगळ्यांना अंगठा देऊन मोकळे व्हायचे.

एका सकाळी मी बाजारात गेले होते. ग्रुपवर एक चित्र आलं. ह्यांनी अंगठा दिला, आणि वर फोनला सांगून दोन शब्दही टाकले, ‘फारच छान’. ते चित्र भावपूर्ण श्रद्धांजलीचं होतं. त्यांच्या शेजारच्या टेबलावर पंचवीस वर्षं बसलेला माणूस आदल्या दिवशी गेला होता. मी पिशव्या घेऊन परत आले तेव्हा ग्रुपवर ओळीने हात जोडलेले होते आणि मधोमध ह्यांचं ‘फारच छान’. खाली कुणीतरी नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

मी वाचून दाखवलं. ते भिंतीला टेकून उभे होते ते खाली बसले.

‘‘आपण सांगून टाकू,’’ मी म्हटलं. ‘‘लोक समजून घेतील.’’

‘‘चुकून बोट लागलं असं लिही.’’

‘‘बोट लागून ‘फारच छान’ कसं उमटेल?’’

 त्यांनी ग्रुप सोडला. फोन कपाटात ठेवला, गॅलरीतली खुर्ची आत आणायला लावली. पुढचे दोन महिने मी त्यांना आपणहून बोलताना फारसं ऐकलं नाही. जेवायला वाढलं की जेवायचे, चला म्हटलं की चालायचे. माणूस घरातच होता आणि रोज थोडाथोडा कमी होत होता. मला भीती वाटायला लागली. ते असेच गप्प होत गेले तर मी काय करणार होते?

दिवाळीला मुलगी आली. तिने माझ्याकडून सगळं काढून घेतलं आणि फराळाची ताटली पुढे ठेवून त्यांच्याशेजारी बसली.

‘‘बाबा, फोनवर एक जागा आहे. तिथे चित्र टाकलं की त्याला जोडून त्याचं वर्णन लिहायची पद्धत आहे. नाही लिहिलं तर लोक आठवण करून देतात.’’

‘‘वर्णन कशाला?’’

‘‘ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी.’’

बऱ्याच दिवसांनी त्यांनी मान वर केली.

तिने समजावून सांगितलं ते असं. ही जागा एका मालकाची नाही. पुष्कळ सर्व्हर आहेत, म्हणजे वेगवेगळे कट्टेच, प्रत्येक चालवणारं माणूस वेगळं, नियम वेगळे. तुमचं खातं कुठल्याही सर्व्हरवर असलं तरी दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलता येतं, इमेल कसा कुठूनही कुठे पोचतो तसं. पण सुरुवातीला एक निवडावा लागतो, कारण शेजार तिथला मिळतो. नाहीच पटलं तर दुसरीकडे जाता येतं. आपल्याला वाचणारे लोक सोबत येतात, लिहिलेलं मात्र मागे राहतं.

मी लगेच वही काढली आणि रकाने आखले. मुलीने तीन सर्व्हर सुचवले. पहिला प्रचंड मोठा, जगभरचे लोक, नाव घातलं की प्रवेश. दुसरा खास न दिसणाऱ्यांचा, कारभार सगळा इंग्रजीत. तिसरा मराठी, छोटासा, एक बाई घरातून चालवतात, आणि प्रवेशाला अर्ज करावा लागतो. माझं मत तिथल्या तिथे ठरलं होतं. पहिला. एवढ्या गर्दीत कोण कुणाला विचारणार? मुलीचं मत दुसरा.

‘‘तिथे सगळे तुमच्यासारखेच आहेत, बाबा.’’

‘‘माझ्यासारखे म्हंजे कसे?’’ ते म्हणाले. एरवी ते आमच्यासारखंच बोलतात, पण मन हललं की मोऱ्याची बोली वर येते.  मी चकल्या आणायला आत गेले.

जरा वेळाने त्यांनीच विषय काढला. ‘‘असं यादी करून ठरवत नसतात,’’ म्हणाले. मोऱ्याला त्यांच्या लहानपणी कुणाला दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जायचं असलं तर तो तांडेलाला जाऊन थेट विचारत नसे. त्या होडीची माणसं जिथे जाळी शिवत बसतात तिथे जायचं आणि जरा अंतर ठेवून बसायचं. चार दिवस, आठ दिवस. बोलायचं काही नाही. ऐकायचं. एखाद्याची गाठ चुकली तर बाकीचे त्याला काय म्हणतात, ते ऐकायचं. मग एक दिवस आपणही सुई उचलून जाळ्याला हात लावायचा, नाहीतर मुकाट्याने घरी जायचं. का गेलास म्हणून कुणी विचारत नसे.

‘‘आधी बसू,’’ ते म्हणाले. ‘‘बाहेरनं ऐकता येतं ना?’’

येत होतं. प्रत्येक सर्व्हरवरची माणसं उघडपणे काय लिहितात ते खातं न काढताही वाचता येत होतं. मुलगी पुण्याला परत गेली. फोन कपाटातून निघाला, खुर्ची गॅलरीत गेली, आणि मी शेजारी मटार सोलायला घेऊन बसायला लागले.

पहिला सर्व्हर तीन दिवस ऐकला. फोन अखंड बडबडत होता. कुणीतरी काहीतरी विचारायचं आणि उत्तर यायच्या आत वर दहा वेगळ्या गोष्टी येऊन पडायच्या. ‘‘इथं कुणी कुणाचं ऐकत नाय,’’ ते म्हणाले. मी वहीतली माझी पहिली पसंती खोडली, जरा नाराजीनेच.

दुसरा त्यांनी इअरफोन कानात लावून ऐकला, एकट्याने. काय ऐकलं ते मला सांगितलं नाही. दोन दिवसांनी इअरफोन काढला आणि म्हणाले, ‘‘चांगली माणसं आहेत. पण इंग्रजी आपल्याला कामापुरतं येतं, गप्पांपुरतं नाही.’’ हे खरं होतं. त्या सर्व्हरवर नाव घालणं म्हणजे सगळ्या जगाला सांगणं, हेही खरं होतं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही.

तिसऱ्या ठिकाणी सगळं संथ. कधीकधी दोन-दोन तास कुणी फिरकत नसे. मग कुणाचे घावन तव्याला चिकटलेले असायचे, कुणाला जुन्या पंख्याचा आवाज घालवायचा असायचा, कुणी दारातल्या शेवग्याला आलेल्या फुलांबद्दल लिहायचं. मला कंटाळा आला. एवढंच बोलायचं तर सोसायटीच्या बाकावर काय वाईट आहे, असं मी म्हणालेसुद्धा. त्यांनी हाताने मला गप्प केलं.

आठवड्याने एका दुपारी तिथल्या एका माणसाने फोटो टाकला आणि वर फक्त ‘नवीन पाहुणी’ असं लिहिलं. फोन म्हणाला, ‘चित्र’. मी वाकून बघितलं आणि सांगायला तोंड उघडलं तर ह्यांनी माझा हात दाबला. थांब. थोड्या वेळाने खाली कुणा बाईंनी लिहिलं, ‘वर्णन राहिलं वाटतं. मी लिहून देऊ का?’ त्या माणसाने उत्तर दिलं, ‘विसरलो, लगेच लिहितो.’ आणि मग फोनने वाचलं, ‘हिरवी सायकल. हँडलला बायकोने लिंबू-मिरची बांधली आहे, मला न विचारता.’

ते हसले. चांगले खदखदून, खुर्ची हलेपर्यंत. मी मटारची परात उचलून आत गेले. मला रडू आलं होतं आणि मी रडतेय हे त्यांना श्वासावरून कळतं.

आतूनच ऐकलं, ‘‘इथंच.’’

अर्जात एकच प्रश्न होता. तुम्हाला इथे का यायचं आहे? खाली एक रिकामी चौकट. दुपारी ते जरा आडवे झाले होते. मी म्हटलं, उठायच्या आत भरून टाकावा. एवढे फॉर्म भरलेत, त्यात हा एक. मी लिहिलं, ‘निवृत्त बंदर कर्मचारी, वय अडुसष्ट. मूळ गाव मोरा, सध्या वास्तव्य पनवेल. स्वभावाने शांत, मनमिळाऊ, निर्व्यसनी. स्वतःचा फ्लॅट. एक मुलगी, विवाहित. वाचनाची आवड. अपेक्षा: सुसंस्कृत माणसं.’ पुन्हा एकदा वाचलं, समाधान वाटलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हर चालवणाऱ्या बाईंचं उत्तर आलं. फोन त्यांच्या हातात होता. मी काही करायच्या आत तो खणखणीत आवाजात वाचायला लागला. ‘नमस्कार. माहिती फार सुबक आहे, पण आमच्याकडे सध्या उपवर कुणी नाही. आम्ही एवढंच विचारलं होतं की तुम्हाला इथे का यायचं आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनीच आपल्या शब्दांत दोन ओळी लिहाव्यात. वाट बघते.’

‘‘काय लिहिलं होतंस?’’ त्यांनी विचारलं.

मी म्हणून दाखवलं. ‘मनमिळाऊ’ला त्यांना हसू फुटलं. ‘निर्व्यसनी’ला त्यांनी मांडीवर थाप मारली. ‘वाचनाची आवड’ आलं आणि ते थांबले. माझ्या मंडळातल्या गमती त्यांनी वीस वर्षं रविवारच्या जेवणाबरोबर ऐकल्या होत्या.

‘‘वाचनाची आवड,’’ ते म्हणाले. ‘‘डोळ्यांचं नाय लिवलंस.’’

‘‘तुम्हीच म्हणाला होतात कुणाला सांगू नकोस म्हणून.’’ माझा आवाज चढला आणि मग तो मला आवरेना. ‘‘दोन वर्षं मी दोघांच्या वाटचं बघतेय आणि दोघांच्या वाटचं खोटंही मीच बोलतेय. त्या ग्रुपवर काय झालं त्याचं दुःख तुम्ही करत बसलात. माझं काय? मी थकलेय आता.’’

हे मी त्यांना कधी बोलले नव्हते. स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते. त्यांनी माझा हात शोधायला हात पुढे केला, तो आधी माझ्या मांडीवरच्या परातीत गेला. मटार खाली घरंगळले. मग हात सापडला.  खाली पाण्याचा टँकर येऊन गेला.

‘‘लिहितो मी,’’ ते म्हणाले. ‘‘खरं काय ते लिहितो. पण त्याच्या आधी बायला सांगायला पाहिजे. परक्या माणसांना आधी आणि भैनीला मागनं, हे बरं दिसत नाय.’’

बाय म्हणजे त्यांची मोठी बहीण. मोऱ्यालाच असते, जन्मभर मासळी विकली, आता गुडघे धरलेत. मी म्हटलं, फोनवर सांगा. ते म्हणाले, असलं फोनवर नाही सांगत. मी म्हटलं, त्या बाई उत्तराची वाट बघतायत. ते म्हणाले, बघू दे.

रविवारी आम्ही एसटीने उरणला आणि तिथून रिक्षाने मोऱ्याला गेलो. नणंदबाईंचं घर धक्क्याजवळ आहे. उंबरा ओलांडून आत गेलं की ते नेहमी डावीकडच्या भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोला हात जोडतात, तसे जोडले. नणंदबाई खाली बसून सुकट निवडत होत्या. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग ह्यांनी कप खाली ठेवला, आणि ठेवताना बशी कुठे आहे ते बोटाने चाचपलं, या वेळी न लपवता.

‘‘बाय, मला दिसत नाय. दोन वरसां झाली.’’

नणंदबाईंचा हात थांबला नाही. ‘‘ठाव हाय मला.’’

‘‘कसं?’’ हे मी विचारलं. आमची एवढी तयारी फुकट गेली, याचा मला त्याही क्षणी किंचित राग आला होता.

‘‘वयनी, मागल्या साली भिंतीला ओल आली म्हून बाचा फोटू मी त्या अंगाला लावला होता.’’ त्यांनी समोरच्या भिंतीकडे मान उडवली. ‘‘ह्यो आला नि कोऱ्या भिंतीला हात जोडून उभा रायला. तू दारात चपला काढत होतीस.’’

‘‘मंग?’’ ह्यांनी विचारलं.

‘‘मंग काय? तुमी गेल्यावर फोटू परत तितंच लावला.’’

मी फोटोकडे बघितलं. सासऱ्यांच्या धोतराशी, खालच्या कोपऱ्यात, ओलीचे तपकिरी डाग चढत गेले होते. इतक्या वेळा त्या घरात गेले पण मला ते दिसले नव्हते.

‘‘बोलली का नायस मला?’’ ह्यांचा आवाज बारीक झाला होता.

‘‘तू सांगशील तवा सांगशील. मी कशाला इचारू,’’ नणंदबाई म्हणाल्या, आणि सुपातलं सुकट पाखडायला लागल्या.

निघताना त्यांनी सुकटाची पुडी माझ्या पिशवीत घातली आणि भावाच्या गालावरून हात फिरवला. तो हात खारट वासाचा होता. ह्यांनी तो धरून ठेवला. बहीण-भाऊ दोघेही रडले नाहीत, मीच रडले.

मग आम्ही धक्क्यावर गेलो. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याकडून लाँच येत होती, तिच्या इंजिनाचा आवाज ऐकून ते म्हणाले, ‘‘भरून आलीय.’’ एका दगडी कठड्यावर बसून त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. मी मुद्दाम लांब जाऊन उभी राहिले. वीस वर्षांत पहिल्यांदाच एखादा अर्ज माझ्या हाताशिवाय लिहिला जात होता. काय लिहितात ते ऐकायची फार इच्छा होती, पण नाही गेले. त्यांनीच हाक मारली आणि फोनला वाचायला लावलं.

‘मला दोन वर्षांपासून दिसत नाही. हे मी लपवत होतो. त्यात एका गेलेल्या मित्राचा माझ्याकडून अपमान झाला. तुमच्याकडे माणसं चित्रं सांगतात. मला ऐकायला यायचं आहे.’

‘‘काही गाळायचंय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

संध्याकाळी पनवेलच्या एसटीत असतानाच उत्तर आलं. त्यात एकच शब्द होता, ‘या’.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या गेलेल्या मित्राच्या बायकोला फोन केला. दार लावून घेतलं होतं. अर्ध्या तासाने बाहेर आले तेव्हा चष्मा हातात होता. तो त्यांनी कपाटात ठेवून दिला.

त्याला आता सहा-सात महिने झाले. तिथली माणसं त्यांची झाली आहेत. सायकलवाल्याचा निरोप आला नाही तर ह्यांना चैन पडत नाही. कुणी बाजारात मासा घेतला की आधी त्याचं वर्णन लिहून ह्यांना विचारतात, आणि हे डोळा कसा आहे, कल्ला लाल आहे का, असे उलटे प्रश्न विचारून त्यांना हैराण करतात. सोसायटीतही सगळ्यांना कळलं. बी विंगमधल्या काकांनी सांगितलं की त्यांना पहिल्यापासून शंका होती, पेपर दोनदा उलटा धरलेला त्यांनी पाहिला होता. मी आता लांबून ओरडत नाही. लोकच जवळ येऊन आपलं नाव सांगतात.

मला एक काम मात्र राहिलं. ते फोटो काढायला लागले आहेत. आवाजाच्या दिशेने फोन धरतात आणि वर्णन स्वतः सांगतात. फोटो बरा आला आहे का आणि वर्णन जुळतंय का, एवढं मी बघायचं. त्या सर्व्हरचा नियमच आहे की वर्णनात चित्रात असेल ते लिहावं.

गेल्या आठवड्यात तिथे सगळे आपापल्या घरच्या माणसांचे फोटो टाकत होते. मी गॅलरीत कोथिंबीर निवडत बसले होते आणि सायकलवाल्याने लिहिलेलं काहीतरी ऐकून हसत होते. त्यांनी फोन माझ्याकडे धरला. मग आत जाऊन काहीतरी पुटपुटले आणि फोन माझ्या हातात दिला.

मी वाचलं, ‘माझी बायको. गॅलरीत कोथिंबीर निवडते आहे. केस काळेभोर.’

डॉक्टरांकडून आलो त्याच महिन्यात मी कलप लावणं सोडलं होतं. कुणासाठी लावायचा? आता एकही काळा केस नाही. आणि दोन-अडीच वर्षांत बाजारातल्या भेंडीपासून आकाशातल्या ढगापर्यंत सगळं मी त्यांना सांगत आले, हे सोडून. वर्णन तसंच जाऊ दिलं असतं तरी चाललं असतं. जाऊ द्यायचा माझा अनुभव दांडगा आहे.

‘‘केस पांढरे झालेत माझे,’’ मी म्हटलं. ‘‘सगळे. कलप लावत नाही मी.’’

‘‘ठाव हाय,’’ ते म्हणाले. ‘‘केव्हापासनं घरात त्याचा वास नाय.’’

‘‘मग काळेभोर का लिहिलंत?’’

‘‘तू सांगशील तवा सांगशील, म्हटलं.’’

 ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. ‘‘आता सांग,’’ म्हणाले. ‘‘कशी दिसतेस?’’

मग मी सांगितलं. केस कसे आहेत, भांगाजवळ किती विरळ झालेत. गाल बसलेत. हनुवटीखाली सैल पडलंय. चष्म्याची काडी मोडली म्हणून तपकिरी फ्रेम घेतली, ती मला शोभत नाही. वेळ लागला सांगायला, कारण मध्येमध्ये थांबावं लागत होतं. ते मान खाली घालून ऐकत होते.  शेवटी त्यांनी फोन घेतला, आधीचं पुसलं आणि नवीन सांगितलं.

‘माझी बायको. गॅलरीत कोथिंबीर निवडते आहे. केस पांढरे आहेत, हे तिने आत्ता सांगितलं. हसते आहे, हे मी ऐकलं.’

‘‘बघ जुळतंय का,’’ ते म्हणाले.

मी फोटो नीट पाहिला. कोपऱ्यात त्यांचं बोट आलं होतं, आणि मी खरंच हसत होते.

‘‘जुळतंय,’’ मी म्हटलं. ‘‘टाका.’’